न फुटलेला फुगवटा

१२ जून

तीर्थरूप मामा,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण अंगात शिशाचा एप्रन आहे. तो घालून खाली वाकलं की उठवायला दोन माणसं लागतात, तेव्हा उभ्यानंच घ्या.

आईनं बजावलंय की नोकरीला लागून दोन महिने झाले, मामाला कळवलं नाहीस, तो काय म्हणेल. फोन करता आला असता. पण तुमचं-माझं फोनशी काय वाकडं आहे ते आपल्याला ठाऊक. तुमचा फोन वाजला की मामी अजून तुमचे बूट पुढे आणून ठेवते, आणि माझा वाजला की मी भरल्या ताटावरून उठते. कुणाच्या तरी मेंदूत गुठळी अडकल्याशिवाय आपल्याला फोन करतंय कोण! म्हणून पत्र.

हॉस्पिटल नवंकोरं आहे. भिंतींना रंगाचा वास अजून आहे आणि लिफ्टमध्ये मालकांचा हसरा फोटो. रक्तवाहिन्यांत तारा घालायची कॅथ लॅब एकच, तीही हृदयवाल्यांची. त्यांची कामं सुटली की मधल्या फटीत मेंदू. माझ्या तारा, नळ्या, जाळ्या ठेवायला कपाटातली सगळ्यात खालची फळी मिळाली आहे, म्हणजे गुडघे टेकून काढायच्या. रस्त्याच्या पलीकडे दुसरं हॉस्पिटल, तिथंही हेच यंत्र आणि माझ्यासारखाच एक एकटा डॉक्टर. मी त्याला 'समोरचा' म्हणते. तोही तुमचाच विद्यार्थी, माझ्या आधीच्या तुकडीतला. शहरात जेवढे रुग्ण आहेत तेवढ्यांत एकाचं भागलं असतं. आम्ही दोघं आहोत, म्हणून दोघंही अर्धपोटी. शिवाय दोघंही वर्षाचे सगळे दिवस ड्युटीवर, कारण दोन्ही दुकानांना पाटी हवी: 'लकव्यावर चोवीस तास उपचार'. मी मॅनेजरला सुचवलं, एक आठवडा समोरच्यानं दोन्हीकडचं बघावं, एक आठवडा मी. तो असा दचकला, जणू मी घरातलं सोनं शेजाऱ्याकडे ठेवायला सांगितलं.

पगार नावाला आहे, बाकी केसमागे. जागं राहण्याचे पैसे नाहीत. रुग्ण आला, मी धावत गेले, चित्रं पाहिली आणि 'यात हात घालण्यात अर्थ नाही' असं म्हणाले, तर ते फुकट. जांघेत सुई टोचली की मीटर सुरू. त्या मीटरचा दरही विमा कंपन्यांनी यंदा पुन्हा खाली आणलाय. आम्ही जितके चांगले होत जातो तितके स्वस्त होत जातो, हे गणित तुम्ही वर्गात शिकवलं नव्हतं.

तर मुद्द्यावर येते. तुम्ही म्हणाला होतात, 'माझी खुर्ची रिकामी झाली की तिथं तू.' सरकारी पगार, ठरलेली रजा, आणि रुग्णाला 'नको' म्हणायची मुभा. तिची वाट बघत मी इथं खालच्या फळीपाशी बसले आहे. कधी निवृत्त होताय?

तुमची,
चिंगी

३० जून

चिंगे,

दोन महिन्यांत पैशाची भाषा! मी या कामाला लागलो तेव्हा मेंदूचे सर्जन आम्हाला नळदुरुस्तीवाले म्हणायचे. डोकं न उघडता जांघेतून तार घालून मेंदूपर्यंत जातो म्हटलं की हसायचे. अख्ख्या मुलखात आम्ही तिघं होतो. आज माझ्या हाताखालून गेलेले कुठं कुठं आहेत हे मलाही सांगता येणार नाही. यंदा सात नवे प्रशिक्षणार्थी घेतले. सात! कॅथ लॅबमध्ये उभं राहायला जागा नाही. हे वैभव बघून तुला बरं वाटायला हवं, तर तू रडगाणं लावलंस.

खुर्चीचं बघू. ती काय पळून जाते?

आता तुझ्या कामाचं. एक गृहस्थ आहेत, वय एकसष्ट. चक्कर येते म्हणून एमआरआय काढला. चक्कर कानाची निघाली, पण चित्रात मेंदूच्या पुढच्या रक्तवाहिनीवर फुगवटा दिसला. पाच मिलिमीटर, फुगवट्याची मान रुंद, आकार गोल. रक्तदाब गोळीनं ताब्यात आहे. सिगरेट सोडून बरीच वर्षं झाली. घरात कुणाला असला आजार नाही. बंद करावा म्हटलं तर तार घालताना लकव्याचा धोका, ठेवावा म्हटलं तर उद्या फुटून माणूस खलास होण्याचा. दोन्ही धोके छोटे आणि जवळजवळ सारखेच.

इथं कुणाला विचारावं तर सगळे माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देतात. तू माझ्या तोंडाकडे कधीच बघत नाहीस, तो तुझा दुर्गुण आज उपयोगी पडेल. तू काय करशील?

मामी म्हणते, वजन किती कमी झालं ते लिही.

मामा

१७ जुलै

मामा,

तुमच्या गृहस्थांना सांगा, हात लावू नका. पाच मिलिमीटर, गोल, घरात कुणाला नाही. वर्षातून एकदा चित्र काढा, गोळी चुकवू नका, सिगरेटच्या टपरीसमोरून चालू नका, आणि इंटरनेटवर वाचत बसू नका. आणखी एक सांगा. फुगवटा कदाचित वीस वर्षं त्यांच्या डोक्यात होता आणि ते मजेत होते. आता तो त्यांच्या मनात गेलाय, आणि तिथं आपली तार पोचत नाही. घाबरू नका म्हणावं. घाबरण्यासारखं असतं तर मी सांगितलं असतं.

बाकी, सात? मामा, सात जणांना पुरतील एवढे रुग्ण तुमच्याकडे आहेत का? आम्ही चौघं होतो तेव्हा एकेका केससाठी कोपरानं ढकलाढकली चालायची. हे सात बाहेर पडतील, अर्धवट हातांनी, आणि कुठं जातील? माझ्या शेजारी तिसरं हॉस्पिटल निघेल, तिथं. मग समोरचा, बाजूचा आणि मी, तिघं मिळून एका गुठळीची वाट बघू.

मागच्या महिन्यात एक बाई आल्या होत्या, तीन मिलिमीटरचा फुगवटा घेऊन. मी त्यांना घरी पाठवलं. त्या रस्ता ओलांडून समोरच्याकडे गेल्या. त्यानं बंद करून दिला. बाईंनी येऊन मला पेढ्याचा खोका दाखवावा तसं ते चित्र दाखवलं. मॅनेजरनं विचारलं, 'मॅडम, त्यांना जमतं ते आपल्याला का जमत नाही?' मी म्हटलं, मला न करणं जमतं. त्यानं ते कुठं लिहायचं म्हणून विचारलं. त्याच्या तक्त्यात तसा रकाना नाही.

वजन चार किलो. एप्रन धरून वाढलेलं आहे असं मामीला सांगा.

चिंगी

९ ऑगस्ट

चिंगे,

गृहस्थांना तुझा निरोप शब्दशः वाचून दाखवला. टपरीचं ऐकून हसले. बऱ्याच दिवसांनी नीट झोपले असं कळतं. तू रुग्णाशी बोलतेस चांगलं, हे माझ्याकडून शिकलेली नाहीस.

सातांबद्दल एवढ्या टाचा उंचावून बोलू नकोस. हे मोठं हॉस्पिटल आहे. अवेळी येणाऱ्या गुठळ्या कोण काढणार? मी? पक्क्या डॉक्टरांच्या जागा मागून मागून माझी जीभ झिजली. वरून उत्तर येतं, 'प्रशिक्षणार्थी घ्या.' ते कमी पैशात येतात, कुरकुर करत नाहीत आणि दोन वर्षांनी आपोआप जातात. मी घेतो. विभाग चालतो. पुढं ते काय करतील याचा विचार करत बसलो असतो तर लकव्याचे निम्मे रुग्ण दारातच आडवे राहिले असते. विस्तव ज्याच्या हातात असतो त्यालाच चटका कळतो.

तूही त्यातूनच गेलीस. मेली नाहीस.

ताईच्या गुडघ्याचं काय झालं?

मामा

१४ ऑक्टोबर

मामा,

मध्ये पत्र झालं नाही. इथं जरा उलथापालथ झाली.

दर पुन्हा उतरले, म्हणून मालकांनी नवा करार पुढे केला. पगार गेला, सगळं केसमागेच. वर डिसेंबरअखेरपर्यंत ठरावीक केस झाल्या नाहीत तर मेंदूचा विभाग बंद आणि मॅडमना धन्यवाद. समोरच्याच्या हॉस्पिटलनंही तेच केलंय. मी सही केली. न करून काय करते? घराचा हप्ता, आईचा गुडघा, आणि या वयात दुसरं शहर. आमच्या कामात बायका बोटावर मोजण्याइतक्या. त्यातली एक कमी झाली की लोक म्हणतात, 'बघा, झेपलं नाही.' मला तेही ऐकायचं नव्हतं.

दुसरी गोष्ट. तुमच्या त्या गृहस्थांबद्दल मी पुन्हा विचार केला. माझं मत बदललंय. फुगवटा बंद करून घ्यावा. मान रुंद असली तरी हल्ली रक्तवाहिनीच्या आतून बारीक जाळी बसवता येते, रक्त सरळ वाहतं आणि फुगवटा आपोआप भरून येतो. माझे त्यात निकाल चांगले आहेत. इथं पाठवा, मी करते. फार लांबवू नका, डिसेंबरच्या आत झालं तर बरं.

आईचा गुडघा तसाच आहे.

चिंगी

२१ ऑक्टोबर

चि. डॉक्टर मॅडम,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नीट समजावं म्हणून.

जुलैमध्ये पाच मिलिमीटर होता. ऑक्टोबरमध्येही पाच मिलिमीटर आहे. मान तीच, आकार तोच, माणूस तोच. मग बदललं काय? तुमचा करार बदलला. निदान ही दोन वाक्यं दोन वेगळ्या पत्रांत लिहायची तरी अक्कल दाखवायचीस! एकाच कागदावर वर करार आणि खाली 'इथं पाठवा', आणि तारखेसकट. दुकानदारही गिऱ्हाइकाला एवढं उघड सांगत नाही.

मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की पैशासाठी मेंदूत तार घालणारा माणूस आणि पैशासाठी घरात शिरणारा माणूस यांत एकच फरक आहे, दुसरा पकडला जातो. आज ते वाक्य माझ्याच घरात येऊन बसलं. तुझ्या जुलैच्या पत्रावर कुणी तरी झोपलं होतं, चिंगे. घाबरण्यासारखं असतं तर मी सांगितलं असतं, असं तू लिहिलं होतंस. त्या एका ओळीवर.

कुणी तरी म्हणजे मी. ते गृहस्थ मीच. आता तरी कळलं ना, कुणाची किंमत लावलीस ते?

मामा

२७ ऑक्टोबर

मामा,

ते तुम्ही आहात हे मला तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं. तीस वर्षांत तुम्ही कुठल्या रुग्णाबद्दल कुणाचं मत विचारलंय? आणि वय, गोळी, सिगरेट? लहानपणी मी सुट्टीत तिकडे असताना मामीनं मला तुमच्या खिशातून किती पाकिटं काढून फेकायला लावलीत! नाटक तुम्ही सुरू केलं. तुम्हाला त्याच्या आडोशाला बरं वाटत असेल म्हणून मी पडदा ओढला नाही. 'घाबरू नका' हे मी तुम्हालाच लिहिलं होतं. फार वेळ लावून लिहिलं होतं.

आता मत का बदललं ते ऐका. सांगितलं असतं तर नाटक मोडलं असतं, म्हणून जाळीबिळी लिहून वेळ मारून नेली. चुकलं.

मी आईला विचारलं, आजी कशी गेली? आपल्या घरात सगळे म्हणतात, हृदय बंद पडून. तुम्हीही तेच सांगता. आई म्हणाली, 'हृदय कसलं! ओट्याशी उभी होती. दोन्ही हातांनी डोकं धरलं, म्हणाली, आतून कुणी तरी हाणलं गं. ओकली आणि खाली बसली ती बसलीच. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो हृदय असं लिहून गेला.' तुम्ही तेव्हा वसतिगृहात होतात, परीक्षा होती, तुम्हाला तेच कळवलं. मामा, तुम्ही हजारो रुग्णांना विचारलंत, घरात कुणाला होतं का? स्वतःच्या बहिणीला एकदाही विचारलं नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो एवढाच असतो.

आजीचा फुगवटा फुटला होता हे मला आता स्वच्छ दिसतं. तुम्हालाही दिसेल. तुमची आई अशी गेलेली असणं म्हणजे पारडं थोडं झुकतं. फार नाही. पुस्तकात दोन नातेवाईक असले की 'करा' म्हणतात, एक असला की 'डॉक्टरनं ठरवावं'. म्हणजे मी.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, पोरगी निर्दोष निघाली. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण पुढचं वाचा. करारावर सही झाली सोमवारी. आईला मी विचारलं मंगळवारी. आजीला जाऊन माझं अख्खं आयुष्य झालं. जुलैमध्ये तुमचं पत्र हातात होतं, आई शेजारच्या खोलीत होती, तेव्हा मला विचारावंसं वाटलं नाही. तेव्हा 'घरात कुणाला नाही' ही तुमची ओळ मी गोड मानून घेतली. मग नेमकं मंगळवारीच का सुचलं? मी काळजीपोटी विचारलं, की मला कारण हवं होतं म्हणून विचारलं? मी रोज उलटतपासणी घेते माझी. साक्षीदार फितूर आहे.

म्हणून सांगते, फुगवटा बंद करून घ्या, पण माझ्याकडे नको. ज्याला तुमच्यापासून काहीच मिळवायचं नाही अशा माणसाकडे जा.

तुमची,
चिंगी

१२ नोव्हेंबर

चिंगे,

ताईशी बोललो. ती म्हणाली तेच खरं. आईला आठवायला बसलो तर मला फक्त वसतिगृहाच्या फाटकावरचा पहारेकरी आठवतो, त्यानं निरोप दिला तो. पुढचं मी कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तेव्हा काही करता आलं नसतं, पण निदान आज तुला माझ्या आधी कळलं नसतं.

काहीच मिळवायचं नाही असा माणूस शोधा म्हणालीस. शोधला. आधी माझ्याच विभागात. नाव न सांगता चित्र सातांपुढे ठेवलं. सातच्या सात म्हणाले, 'करावं सर.' त्यात एक असा, ज्यानं मागच्या महिन्यात माझ्यासमोर अशाच फुगवट्याला 'ठेवावा' म्हटलं होतं. संध्याकाळी एकेक जण केबिनमध्ये डोकावून गेला. केस कुणाला देणार, सर? माझ्या इतक्या कमी झाल्यात, सर. त्यांना प्रमाणपत्रासाठी आकडा पुरा करायचाय. सात जणांना मी घेतलं, आणि माझ्याच डोक्याभोवती ते रांग लावून उभे आहेत. रागवायला तोंड कुठं होतं मला? माझा उपप्रमुख कामात सफाईदार हाताचा, पण त्याला यंदा जाळी बनवणारी कंपनी परदेशी परिषदेला नेते आहे. त्याच्या बायकोनंच मामीला कौतुकानं सांगितलं. बाहेर खासगीत कोण आहेत? माझेच विद्यार्थी, सगळे तुझ्यासारखे केसमागे.

आणखी एक ऐक, म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल. माझी खुर्ची तुला मिळणार नाही. मी निवृत्त झालो की ती जागा रद्द. हे मला गेल्या वर्षीच कळवलंय. तिच्या पगारात तीन प्रशिक्षणार्थी बसतात, असा वरचा हिशोब. मी भांडलो नाही. खुर्ची पळून जात नाही असं तुला लिहिलं तेव्हा ती पळून गेलेली होती. तू विभाग सोडून जाऊ नयेस, निदान मनानं, म्हणून लिहिलं. तुला आशेवर ठेवून मला काय मिळत होतं, ते तुझ्यासारखंच मीही शोधतो आहे.

तेव्हा आता पैसा न मिळणारा माणूस नको. पैसा मिळतो हे कबूल करणारा हवा. तसा या मुलखात मला एकच सापडला. तूच कर.

मामा

१८ नोव्हेंबर

मामा,

मी टाळायचा प्रयत्न करून पाहिला. समोरच्याकडे गेले. पहिल्यांदाच रस्ता ओलांडला. त्याची खोलीही माझ्याच एवढी, त्याच्याही तारा खालच्याच फळीवर. म्हटलं, सरांची केस आहे, तू करतोस का, मला नातं आड येतं. तो उठून उभा राहिला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं सर म्हटल्यावर. मग खाली बसून म्हणाला, 'आण ना. माझाही आकडा अडलाय.' आणि लगेच चेहरा झाकून घेतला. तो वाईट नाही हो. तीन मिलिमीटरवाली बाई त्याला अजून झोपू देत नाही म्हणाला.

मग मॅनेजरकडे गेले. ही केस माझ्या आकड्यात धरू नका, बिलातला माझा भागही नको. तो म्हणाला, 'मॅडम, नातेवाईक मोजायचा नाही असा नियमच नाही. संगणक ऐकत नाही.' पैसे मी सोडू शकते, आकडा सोडता येत नाही.

तेव्हा या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत आहे, आजपासून सुरू करा, एकही चुकवू नका. मामीला आणा, ती माझ्या घरी राहील. कॅथ लॅबमध्ये तुम्ही रुग्ण आहात. पडद्याकडे बघून मला सूचना द्यायच्या नाहीत. भूल देणाऱ्या बाईंना सांगून ठेवलंय की हा माणूस बोलायला लागला तर आधी याला झोपवा.

आकड्याला अजून एक कमी आहे, हे तुम्हाला आधी माहीत असावं म्हणून लिहिते. तुम्ही झालात की पुरा.

चिंगी

१९ डिसेंबर

चिंगे,

प्रवास ठीक झाला. जांघेतला डाग पिवळा पडून मावळला. काल इथं चित्र काढलं. जाळी जिथं हवी तिथं, रक्त सरळ वाहतंय, फुगवटा भरत चाललाय. सातही जणांना दाखवलं. मी एवढं स्वच्छ काम फार थोडं पाहिलंय, आणि त्या थोड्यात माझं स्वतःचं नाही. हे तोंडावर म्हणायला जमलं नसतं, म्हणून लिहितो.

तिसऱ्या दिवशी तुझा मॅनेजर खोलीत आला, फुलं घेऊन. तू खिडकीपाशी माझा कागद वाचत उभी होतीस. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, 'सर, तुम्ही मॅडमचं वर्ष वाचवलंत.' चांगल्या मनानं म्हणाला बिचारा. मी तुझ्याकडे पाहिलं. तू कागदावरून डोळे वर केले नाहीस. तू माझ्या तोंडाकडे कधी बघत नाहीस, हे खरं, पण तेव्हा मी वाट बघत होतो.

मी आयुष्यभर न फुटलेले फुगवटे बंद करून लोकांना घरी पाठवलं. जाताना ते पाया पडायचे. म्हणायचे, तुम्ही जीव वाचवलात. मी हसून हो म्हणायचो. फुटला असता की नसता, हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता, आणि मला कळायची गरज नव्हती. आता मी रोज दाढी करताना आरशात तो जिवंत माणूस बघतो आणि त्याला विचारतो, तुला वाचवलं की तुला मोजलं? त्याला सांगता येत नाही. तुलाही येत नाही, हे तू आधीच लिहून दिलंस. तुझ्यावर राग नाही. राग असता तर सोपं होतं. तुला पुढच्या वर्षाचा करार मिळाल्याचं ताईकडून कळलं. तू मला कळवलं नाहीस, आणि का नाही तेही मला कळलं.

ताईनं काल विचारलं, 'पोरीनं वाचवलं ना रे तुला?' मी हो म्हणालो. मामीलाही हो म्हणालो. तुला कुणी विचारलं तर तूही हो म्हण. फक्त मला विचारू नकोस, आणि मी तुला विचारणार नाही. पत्र लिहीत जा. गुडघ्याचं लिही, वजनाचं लिही. केसबद्दल मात्र आपण एकमेकांना लिहायचं नाही.

मामा